लिगुरियाचा किनारा: कोकणातल्या माणसांनी तिथे काय पाहावे?

जांभळाची सावली

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण इटलीला जाणार आहोत: मी, माझे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे आई-वडील. रोम आणि फ्लॉरेन्स पाहून झाल्यावर आमच्याकडे आठ दिवस उरतात. ते रोज नवे शहर गाठण्यात न घालवता एकाच किनारी प्रदेशात निवांत काढावेत असा विचार आहे आणि त्यासाठी लिगुरियाचे नाव पुढे आले आहे. फ्रान्सच्या सीमेपासून तस्कनीपर्यंत कोयत्यासारखा वळलेला हा चिंचोळा प्रदेश, त्याच्या मधोमध जेनोआ शहर आणि पूर्वेच्या टोकाजवळ चिंक्वे तेर्रे या नावाने ओळखली जाणारी पाच गावे, एवढी प्राथमिक माहिती मी वाचली आहे.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आई-वडील आजही तिथल्या घरी राहतात आणि समुद्राची गाज ऐकतच त्यांचा दिवस उजाडतो. बेत सांगितल्यावर वडिलांनी शांतपणे विचारले, ‘‘समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला जायचे?’’ त्यांच्या बोलण्यात नाराजी नव्हती, पण मला उत्तर देता आले नाही. छायाचित्रांत दिसणारी रंगीत घरे सुंदर आहेत हे खरे. मात्र केवळ ती पाहण्यासाठी बहात्तर वर्षांच्या माणसाला इतका प्रवास घडवावा का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे. जिथे जायचे तिथे त्यांना स्वतःला काही सापडले पाहिजे, केवळ आमच्यासोबत यायचे म्हणून त्यांनी येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

दोन व्यावहारिक बाबीही सांगून ठेवते. वडिलांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ते तासभर सहज चालतात, पण पायऱ्या फार झाल्या की त्यांना त्रास होतो. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. मुक्काम कुठे करावा, काय पाहावे आणि काय निःसंकोच सोडून द्यावे, याविषयी प्रत्यक्ष तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या मंडळींनी मार्गदर्शन केले तर मी आभारी राहीन.

गलबतवाला

मी गेली चार वर्षे संशोधनाच्या निमित्ताने जेनोआत राहतो आणि माझे आजोळ गुहागर तालुक्यातले आहे, त्यामुळे तुमच्या वडिलांचा प्रश्न मी स्वतःलाही विचारलेला आहे. सविस्तर लिहितो.

कोकणच्या माणसाला इथे सर्वांत आधी जाणवते ती भरती-ओहोटीची उणीव. रत्नागिरीला भरतीच्या आणि ओहोटीच्या पातळीत दोन-अडीच मीटरांचा फरक सहज पडतो. लिगुरियाच्या किनाऱ्यावर तो जेमतेम वीत-दीड वीत असतो. आपल्याकडे घर आणि पाणी यांच्यामध्ये पुळण, सुरू, माडाचे आगर असे काहीतरी असते. इथे मधे काहीच नाही. घरे कातळावर, अगदी पाण्याला टेकून उभी आहेत. व्हेर्नात्सा गावातले सांता मार्गेरिताचे चर्च, ज्याची नोंद १३१८ सालापासून सापडते, ते समुद्रातूनच वर आल्यासारखे दिसते आणि त्याच्या समोरच्या चौकात मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात. हिवाळ्यातल्या वादळात लाटा त्या चौकात शिरतात, पण रोजचा समुद्र मात्र आपली जागा सोडत नाही. आयुष्यभर समुद्राला मागे-पुढे होताना पाहिलेल्या माणसाला हे स्थिर पाणी पाहून काय वाटेल, याचे मला खरोखर कुतूहल आहे.

पाणीही वेगळे आहे. आपल्या नद्या सह्याद्रीवरून गाळ आणतात आणि त्यामुळे किनाऱ्यालगतचा समुद्र बहुतेक काळ गढूळ असतो. इथे मोठी नदी नाही, तळ खडकाळ आहे आणि डोंगर ज्या उताराने जमिनीवर उतरतो त्याच उताराने पाण्याखाली उतरत जातो. म्हणून काही पावलांवरच खोली मिळते आणि त्या खोलीतही तळाचे गोटे दिसतात. तुमच्या मुलाला पोहता येत असेल तर त्याला पोहण्याचा चष्मा अवश्य द्या, आणि पोहता येत नसेल तर हात धरूनच पाण्यात न्या, कारण आपल्या पुळणीवर जसे बरेच अंतर कंबरभर पाण्यात चालत जाता येते तसे इथे फार थोड्या ठिकाणी शक्य होते. बहुतेक किनारे गोट्यांचे असल्याने पाण्यात चालण्याचे रबरी तळाचे बूट बरोबर असू द्या. सप्टेंबर हा महिना तुम्ही उत्तम निवडला आहे, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तोवर कोमट राहतो आणि १५ ऑगस्टच्या इटालियन सणाच्या आसपास उसळणारी गर्दी ओसरू लागलेली असते.

पण तुमच्या वडिलांना दाखवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट समुद्राकडे पाठ करून पाहायची आहे. कोकणात आपण आगराभोवती जांभ्या दगडाचा गडगा घालतो. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवत नेलेला. त्याच कौशल्यावर चिंक्वे तेर्रेचा अख्खा डोंगर उभा आहे. सरळ समुद्रात कोसळणाऱ्या या उतारांवर सुमारे हजार वर्षे लोक गडगे रचत आले, प्रत्येक गडग्यामागे डोंगर फोडून मिळालेली माती भरत आले आणि अशा पायऱ्यांसारख्या अरुंद पट्ट्यांवर त्यांनी द्राक्षे आणि ऑलिव्ह लावली. दरजा भरलेल्या नसल्यामुळे पावसाचे पाणी फटींतून झिरपून जाते आणि भिंतीवर दाब येत नाही. हे तत्त्व तुमच्या वडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. युनेस्कोने १९९७ मध्ये पोर्तोव्हेनेरे हे गाव, चिंक्वे तेर्रेची पाच गावे आणि पाल्मारिया, तिनो, तिनेत्तो ही बेटे यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती मुख्यतः माणसाने घडवलेल्या या भूदृश्यासाठी. १९९९ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१८ मध्ये बिनचुन्याच्या दगडी भिंती रचण्याची कलाच इटलीसह आठ युरोपीय देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली.

या गडग्यांची कहाणी दुःखाचीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ला स्पेत्सियाला नौदलाची मोठी गोदी उभी राहिली, १८७४ मध्ये जेनोआ ते ला स्पेत्सिया रेल्वेमार्ग पूर्ण झाला, आणि डोंगरावर पाठीवरून ओझी वाहणाऱ्यांच्या मुलांना नियमित पगाराची वाट दिसली. विसाव्या शतकात शेते ओस पडत गेली. निगा राखणारा हात गेला की गडग्याला आधी पोट येते, मग एक दगड निसटतो आणि मग त्याच्या वरचा संपूर्ण पट्टा खाली येतो. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या मागे आपल्या वाड्यांमध्ये जे घडले त्याची आठवण मला इथे प्रत्येक वेळी होते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांत झालेल्या प्रचंड पावसाने व्हेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो ही दोन गावे चिखलाखाली गाडली, माणसे दगावली. ओस पडलेल्या उतारांकडे लक्ष देण्याची निकड त्या दिवसानंतर सर्वांनाच जाणवली. समुद्रावरची दमट हवा डोंगराला अडून पाऊस पडतो, हे सह्याद्रीसारखेच. फरक इतकाच की इथला जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो.

आता पायऱ्यांविषयी. पाच गावांपैकी मॉन्तेरोस्सो बऱ्यापैकी सपाट आहे आणि वाळूचा मोठा किनाराही तिथेच आहे. व्हेर्नात्सात स्थानकापासून बंदरापर्यंतचा मुख्य रस्ता सौम्य उताराचा आहे. कोर्निलिया समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचावर वसले आहे आणि स्थानकापासून वर जायला सुमारे ३८० पायऱ्यांची पाखाडी आहे, पण तिथे छोटी बसही धावते. मानारोला आणि रिओमाज्जोरे ही गावे म्हणजे दोन्ही अंगांना चढ. लेव्हान्तो ते ला स्पेत्सिया धावणाऱ्या गाडीने एका गावातून दुसऱ्या गावात जायला काही मिनिटे पुरतात, मात्र रुळ बहुतांशी बोगद्यांतून जातात, त्यामुळे समुद्र अधूनमधून डोळ्यांसमोरून चमकून जातो इतकेच. दिवसभराचा एकत्रित पास घेतला तर गाडीने कितीही फेऱ्या करता येतात. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यात कोरलेली, प्रेमाची वाट म्हणून ओळखली जाणारी पायवाट २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद होती. ती २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. जेमतेम एक किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट असल्याने तुमचे वडील ती सहज चालतील. तिला वेगळे शुल्क आहे आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते.

मुक्कामासाठी मी लेव्हान्तो सुचवीन. गाव सपाट आहे, चिंक्वे तेर्रेच्या वेशीवर आहे, पण त्या पाच गावांची दाटी तिथे नाही. जुना रेल्वेमार्ग हलवल्यावर रिकाम्या झालेल्या बोगद्यांतून लेव्हान्तो ते बोनास्सोला आणि पुढे फ्रामुरापर्यंत सायकलींचा सपाट मार्ग काढला आहे. तुमच्या मुलाला तो चिंक्वे तेर्रेपेक्षा जास्त आवडला तरी मला नवल वाटणार नाही.

सांजवात

गलबतवाला यांनी गडग्यांविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मात्र मुक्कामाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन दहा दिवस लिगुरियात होतो. लेव्हान्तोहून चिंक्वे तेर्रे जवळ पडते हे खरे, पण कामोल्यी आणि पोर्तोफिनो ही किनाऱ्यावरची गावे आणि जेनोआ तिथून लांब पडतात. तुमच्याकडे आठ दिवस आहेत आणि सामान घेऊन जागा बदलणे ज्येष्ठांना सर्वांत जास्त थकवते. म्हणून मी सेस्त्री लेव्हान्ते सुचवीन. जुने गाव दोन उपसागरांच्या मधल्या अरुंद भूपट्टीवर वसले आहे. एका बाजूला लांबलचक किनारा आणि दुसऱ्या बाजूला शांततेचा उपसागर म्हणून ओळखली जाणारी छोटीशी खाडी, जिच्या काठावरच्या गुलाबी-पिवळ्या घरांच्या पायऱ्या थेट किनाऱ्यावर उतरतात. मोठ्या उपसागराला परीकथांचा उपसागर म्हणतात, कारण परीकथाकार हान्स ख्रिस्तियान आन्दरसन १८३३ मध्ये इथे राहिले होते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायला काही मिनिटे लागतात आणि रस्ता पूर्ण सपाट आहे. सासूबाई संध्याकाळी एकट्या फिरून यायच्या, यावरून कल्पना यावी.

किनाऱ्यांविषयी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी, कारण आपल्याला ती सवयीची नाही. इटलीत किनाऱ्याचे मोठे भाग परवान्याने चालवायला दिलेले असतात आणि तिथे ओळीने लावलेल्या छत्र्या व खुर्च्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन खुर्च्या आणि एक छत्री यांचे भाडे साधारण वीस ते चाळीस युरो पडते, प्रसिद्ध ठिकाणी त्याहूनही अधिक. मध्ये मध्ये मोकळे, विनाशुल्क भागही असतात. रोज पैसे द्यावेत असे मी म्हणणार नाही, पण ज्येष्ठांसोबत एखादा दिवस तरी अवश्य द्या: सावली, गोड्या पाण्याची अंघोळ आणि स्वच्छतागृह एकाच जागी मिळते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणी उठवत नाही.

निवासाच्या बाबतीत आमची फसगत झाली होती, म्हणून सावध करते. पहिल्या तीन रात्रींसाठी घेतलेल्या घराच्या वर्णनात ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ असे लिहिले होते. ती पाच मिनिटे खरी होती, पण त्यात नव्वदहून अधिक पायऱ्या होत्या आणि इमारतीला उद्वाहन नव्हते. सासूबाईंना दिवसातून एकदाच बाहेर काढता येत असे. घर ठरवण्यापूर्वी रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता तुमच्या आईंच्या जेवणाविषयी. शाकाहारी माणसासाठी इटलीच्या किनाऱ्यांमध्ये लिगुरिया बहुधा सर्वांत सोयीचा आहे, कारण इथल्या जुन्या स्वयंपाकात डोंगरातल्या पालेभाज्या, ऑलिव्ह तेल आणि डाळीचे पीठ यांना मानाचे स्थान आहे. फरिनाता नावाचा पदार्थ खाताना सासूबाईंनी पहिल्याच घासाला ‘‘हे तर आपले बेसनाचे धिरडे’’ असे म्हटले. हरभऱ्याच्या जातीच्या चण्यांचे पीठ, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल एवढेच त्यात असते. पीठ काही तास भिजवून ठेवतात आणि कल्हईच्या मोठ्या तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, आत मऊ. फोकाच्चा ही तेलात न्हालेली जाड पोळीसारखी रोटी सकाळपासून बेकऱ्यांमध्ये मिळते. तिचा रेक्को गावातला प्रकार वेगळा आहे: दोन पातळ पापुद्र्यांमध्ये ताजे मऊ चीज.

पेस्तो ही तुळशीच्या कुळातल्या पानांची चटणी जेनोआचीच. पाटा-वरवंट्याऐवजी संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने ती वाटतात. पिळलेल्या आकाराच्या त्रोफिये नावाच्या पास्त्यावर, उकडलेला बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा घालून ती वाढली जाते, आणि त्रोफियेचे पीठ सहसा फक्त गहू आणि पाण्याचे असते. इतर ताज्या पास्त्यांत मात्र अंडे असू शकते, म्हणून ‘सेन्त्सा उओव्हा’, म्हणजे अंड्याशिवाय, हे दोन शब्द आईंना पाठ करायला सांगा. आणखी एक बाब: पेस्तोत पडणारे पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने जमवलेले असते. तुमच्या आईंना ते चालणार नसेल तर फरिनाता, फोकाच्चा, भाज्या आणि टोमॅटोचा पास्ता यांवर आठवडा सहज निघतो. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या पदार्थातही कधीकधी खारवलेल्या आंचोव्ही माशाचा तुकडा असतो, तेव्हा विचारून घेणे उत्तम. मॉन्तेरोस्सोच्या आंचोव्ही प्रसिद्ध आहेत आणि मासे खाणाऱ्यांनी त्या चुकवू नयेत.

पश्चिमवारा

मुक्काम सेस्त्री लेव्हान्तेला करावा याला माझाही दुजोरा आहे आणि त्याचे मुख्य कारण कामोल्यी हे आहे. एका दिवसासाठी तिथे जाच. एकोणिसाव्या शतकात हे छोटेसे गाव शिडांच्या जहाजांचा प्रचंड ताफा बाळगून होते आणि त्याला हजार शुभ्र शिडांचे नगर म्हणत असत. समुद्रकाठची उंच घरे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेली आहेत आणि नीट पाहिल्यावर ध्यानात येते की खिडक्यांच्या चौकटी, कोरीव कमानी आणि काही ठिकाणी चक्क खिडक्याही भिंतीवर रंगाने काढलेल्या आहेत. परतणाऱ्या खलाशाला दुरूनच आपले घर ओळखता यावे म्हणून हे रंग दिले गेले, असे तिथे सांगतात.

कामोल्यीहून नावेने सान फ्रुत्तुओसोला जा. डोंगराच्या कुशीतल्या एका चिमुकल्या खाडीत मध्ययुगीन मठ उभा आहे आणि तिथे मोटारीचा रस्ता नाही. एकतर नाव, नाहीतर डोंगरवाट. मठात दोरिया या जेनोआच्या मोठ्या घराण्याच्या समाध्या आहेत. त्याच खाडीत सुमारे १७ मीटर खोलीवर समुद्राच्या तळाशी येशूचा, हात वर केलेला कांस्य पुतळा आहे. शिल्पकार ग्वीदो गाल्लेत्ती यांनी घडवलेला हा पुतळा १९५४ मध्ये पाण्यात ठेवला गेला. दुइलिओ मार्कान्ते या पाणबुड्याची ती कल्पना होती. त्याचा सहकारी दारिओ गोन्त्सात्ती १९४७ मध्ये इथेच पाण्याखाली मरण पावला होता. समुद्रात गेलेल्या सर्वांचे हे स्मारक आहे. दर्याला नारळ अर्पण करणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी दुभाषा लागणार नाही, अशी माझी भावना आहे.

पोर्तोफिनोविषयी एवढेच सांगतो की बंदर देखणे आहे, गाव अतिशय लहान आहे आणि सगळे महाग आहे; नाव तिथे थांबते तेवढ्या वेळात पाहून होते. त्याऐवजी वाचलेला दिवस पोर्तोव्हेनेरेला द्यावा. काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचे सान पिएत्रोचे छोटे चर्च तिथे खडकाच्या अगदी टोकावर आहे. समोरच्या उपसागराला कवींचा आखात म्हणतात; इंग्रज कवी शेली पलीकडच्या काठावर राहत असताना जुलै १८२२ मध्ये त्याची नाव वादळात बुडाली आणि त्यात त्याचा अंत झाला. पोर्तोव्हेनेरेहून चिंक्वे तेर्रेच्या चार गावांना नावा जातात, फक्त उंचावरच्या कोर्निलियाला नाही. गावे समुद्रातून पाहणे हाच त्यांना पाहण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण गडग्यांच्या रेषा डोंगरभर कशा चढत जातात ते तेथूनच एका दृष्टीत कळते. उतरताना मात्र अरुंद फळीवरून खडकावर पाऊल टाकावे लागते आणि लाटा असल्या तर नाव हलते, तेव्हा वडिलांना हात द्यायला एक जण पुढे आणि एक जण मागे ठेवा.

जेनोआच्या पश्चिमेचा किनारा, म्हणजे फ्रान्सच्या बाजूचा, आठ दिवसांत यात बसणार नाही. तिकडे वाळूचे रुंद किनारे अधिक आहेत, सान रेमोचा फुलांचा व्यापार आहे आणि सीमेजवळ ला मोर्तोलाला टॉमस हॅनबरी यांनी १८६७ पासून वाढवलेली, जगभरच्या झाडांची उतारावरची बाग आहे. ते पुन्हा कधीतरी.

जांभळाची सावली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे मी वडिलांना फोनवरून वाचून दाखवली. गडग्यांविषयीचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग मातीचा पट्टा किती रुंद असतो, दगड कोणता असतो, असे प्रश्न विचारू लागले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मला आजवर माहीत नव्हते. वडील तरुणपणी नऊ वर्षे मालवाहू बोटीवर होते हे ठाऊक होते, पण त्यांची बोट दोनदा जेनोआला लागली होती आणि दोन्ही वेळा त्यांना किनाऱ्यावर उतरायला मिळाले नव्हते, हे त्यांनी प्रथमच सांगितले. पहिल्यांदा काम आटोपले नव्हते आणि दुसऱ्यांदा ते आजारी होते. ‘‘गाव वर डोंगरावर चढत गेलेले दिसायचे, आणि रात्री दीपगृहाचा झोत फिरायचा. तेवढेच जेनोआ मी पाहिले,’’ असे ते म्हणाले.

त्यामुळे आता एक दिवस जेनोआला द्यायचा हे नक्की झाले आहे. गलबतवाला, आपण तिथेच राहता म्हणून विचारते: ते दीपगृह अजून आहे का, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते कुठून चांगले दिसेल? मुक्काम सेस्त्री लेव्हान्तेला करण्याचे ठरवले आहे.

गलबतवाला

ताई, सेस्त्री लेव्हान्तेचा निर्णय योग्यच आहे. सांजवात यांचे म्हणणे मला पटले.

दीपगृह आहे आणि चालू आहे. त्याला लान्तेर्ना म्हणतात. आजचा मनोरा १५४३ सालचा, ७७ मीटर उंचीचा, आणि तो खडकावर उभा असल्याने समुद्रसपाटीपासून त्याहूनही उंच दिसतो. आत काही उंचीपर्यंत चढता येते, पण १७२ पायऱ्या आहेत, त्यामुळे वडिलांसाठी मी दुसरा बेत सुचवतो.

सेस्त्री लेव्हान्तेहून सकाळची गाडी घ्या; साधारण तासाभरात जेनोआ येते. दुपारपर्यंत जुन्या बंदरावर राहा. तिथले समुद्री जीवांचे मत्स्यालय रेन्झो पियानो या जेनोआच्याच वास्तुविशारदाने कोलंबसच्या प्रवासाला ५०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९९२ मध्ये उभारलेल्या परिसराचा भाग आहे आणि मुलाला तिथून बाहेर काढणे कठीण जाईल. वडिलांना मात्र शेजारच्या गालाता या सागरी संग्रहालयात न्या. तिथे जेनोआच्या गोदीतल्या गलेराची, म्हणजे वल्ह्यांच्या जुन्या जहाजाची, पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, जहाजांच्या बांधणीची दालने आहेत आणि उद्वाहनाची सोय आहे. बोटीवर काम केलेला माणूस तिथे दोन-तीन तास सहज रमतो. वेळ उरला तर सान लोरेन्झोच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन या. फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने डागलेला तोफगोळा भिंत फोडून आत आला आणि फुटला नाही, त्याचे स्मारक आत जपून ठेवले आहे.

संध्याकाळी पोर्तेल्लो चौकात या. तिथल्या छोट्या बोगद्याच्या टोकाला कास्तेल्लेत्तोला नेणारे सार्वजनिक उद्वाहन आहे. १९०९ सालचे, लाकडी बाकांचे. एकही पायरी न चढता ते तुम्हाला शहराच्या डोक्यावरच्या सज्जावर सोडते. समोर पाटीच्या दगडांची छपरे, गल्ल्यांच्या फटी, त्यांच्या पलीकडे संपूर्ण बंदर आणि उजव्या हाताला, दूर, लान्तेर्ना. वडिलांनी बोटीवरून वर चढत गेलेले जे शहर पाहिले ते हेच. या वेळी ते वरून खाली पाहतील.

सप्टेंबरच्या मध्यात सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. त्याच्या अर्धा तास आधी पोचा, बाक मिळतो, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबा. दीपगृहाचा झोत दर वीस सेकंदांत दोनदा चमकतो. परतीच्या गाड्या रात्रीही आहेत, पण शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच स्थानकावर पाहून ठेवा. तिकीट कागदी असेल तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यायला विसरू नका.